तीनशे तेराने भागणं बाकी आहे

आज दुपारी नान्नांची, म्हणजे माझ्या वडिलांची, वही सापडली. त्यांना जाऊन पाच महिने झाले.

भवानी पेठेत त्यांनी आयुष्यभर चादरी विणल्या. ताण्याचे उभे धागे नक्षीत सारखे विभागले गेले नाहीत, तर किनारीला अर्धं फूल उरतं. त्यामुळे दिसेल तो आकडा भागून बघायची त्यांना सवय लागली होती. आवडायचे मात्र न भागले जाणारेच.

शेवटच्या पानावर १,००,००३ लिहिलं होतं. ही संख्या अविभाज्य आहे का, हे ते हाताने तपासत होते. त्यासाठी ३१६ पर्यंतच्या सगळ्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहावं लागतं. त्यापुढचा भाजक असला, तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडतो. नान्ना २९३ वर थांबले होते. तीनच संख्या उरल्या होत्या.

मी त्यांचीच पेन्सिल घेऊन बसलो. ३०७ ने भागलं, बाकी २२८. ३११ ने भागलं, बाकी १७२.

"बापासारखाच की तू," अम्मा मेथी निवडता निवडता म्हणाली. "आता आकडेच शिजवून खा."

"एकच राहिलाय, अम्मा. तीनशे तेरा."

तिचा हात थांबला. मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "मग राहू दे की. आज संपवलंस तर उद्या काय करशील?"

मी वही मिटली.

फोनवर याचं उत्तर क्षणात मिळतं, हे मला माहीत आहे. तुम्हीही काढून बघाल. फक्त खाली कमेंटमध्ये लिहू नका.