वन्संची सही

७ एप्रिल, मंगळवार. पावणेसहा ते सात चालणे. तळ्याला पाच फेऱ्या. वन्संचे नवे बूट चावतात, टाचेला कापूस लावून दिला. लोकरीच्या टोप्या उन्हात टाकल्या. उद्या साडेदहाला डॉक्टरीणबाई, मग यात्रेची नोंदणी. खिडकी चारला बंद. शेवटचा दिवस.

ही डायरी तारीखकाकूंची. इमारतीत कुणाला कधी ताप आला, कुणाची लिफ्ट कधी अडकली, त्यांना विचारावं. नन्सच्या शाळेत लागलेली सवय. झालं ते त्याच दिवशी लिहायचं, आणि खोटं लिहायचं नाही.

याच सवयीने त्यांचा घात केला होता. डोंगरातल्या गुहेतल्या महादेवाला दोघांनी जायचं, असं त्यांचे यजमान दरवर्षी म्हणत. काकूंची उत्तरंही डायरीत होती. ‘यंदा नको, गुडघा.’ ‘यंदा नको, पाहुणे.’ अकराव्या वर्षी ‘यंदा नको, कंटाळा.’ त्यानंतर सहा महिन्यांत ते गेले. तो एक शब्द काकूंना खात होता. सत्तरी उलटलेल्यांना वर सोडत नाहीत, आणि काकू डिसेंबरात सत्तरीच्या होणार होत्या. यंदा नाही तर कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, यात्रेसाठीच्या प्रकृतीच्या दाखल्याचा कागद पाहिला. “चढ फार आहे. रोज चालता म्हणता, पण किती?”

काकूंनी अभिमानाने पिशवीतून डायरी काढली. “हे घ्या. तारखेवार आहे.”

डॉक्टरीणबाई पानं उलटू लागल्या. फेऱ्या दोनाच्या तीन, तिनाच्या पाच झाल्या होत्या. मग त्यांचं बोट समासातल्या बारीक अक्षरांवर थांबलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. “बाकावर बसले, नऊ मिनिटं. डोळ्यांपुढे काळोख. वन्संना सांगितलं नाही.” पुढच्या पानावर, “ओठ निळे. वन्संना सांगितलं नाही.”

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नणंदेने मान वळवून वहिनीकडे पाहिलं.

“मी सही करणार नाही, काकू.”

“माझ्या जबाबदारीवर करा. लिहून देते.”

“लिहून तुम्ही आधीच दिलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि डायरी मिटून हळूच परत केली.

रस्त्यावर आल्यावर काकूंनी पाऊल घराकडे वळवलं नाही. कोपऱ्यावर दुसरा एक दवाखाना होता. तिथला डॉक्टर फोनवर बोलत बोलतच सह्या करतो, असं ऐकिवात होतं. काकूंनी डायरी नणंदेच्या हातात दिली आणि एकट्याच आत गेल्या. नंबर लागायला अडीच वाजले.

“दम वगैरे?” त्याने मान वर न करता विचारलं.

“नाही,” काकू म्हणाल्या. शिक्का बसला.

बाहेर नणंद पायरीवर बसून पानं वाचत होती. “मिळालं?”

“मिळालं. चला, पावणेतीन झाले.”

“वहिनी, हे असं कितीदा झालं?”

“चौदा वेळा.”

“तुझं आपलं सगळं मोजलेलं.”

नोंदणीच्या खिडकीपुढे सतरा माणसं होती. त्यांचा नंबर लागेस्तोवर साडेतीन वाजले. आतल्या कारकुनाने कागद जुळवले आणि एक फॉर्म बाहेर सरकवला. “साठीच्या वर आहात, सोबत्याची सही लागेल. आजींच्या प्रकृतीची माहिती आहे, असं लिहिलंय. इथे.”

नणंदेने पेन घेतलं, ओळ वाचली, पुन्हा वाचली. सही केली नाही.

“वन्सं, करा ना.”

“माहिती आहे म्हणूनच होत नाही.”

“तुमच्या दादासाठी.”

“दादाला तू नको म्हणालीस, मला ठाऊक आहे. त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं गं. तुला कंटाळा आला, तर तो दिवसभर पत्ते खेळत बसला.”

“मला वाटतंय ना पण,” काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता. “पाया पडते तुमच्या. वयाने मोठी असून पडते. मला तिथपर्यंत तरी जाऊ द्या. पुढचं पुढे.”

“पुढचं तुझं नाही, माझं आहे. तो गेला तेव्हा मला तू होतीस. वर तुला काही झालं, तर खाली मी कुणाबरोबर उतरू?”

“आजी, मागे रांग आहे,” कारकून म्हणाला.

नणंदेने पेनाला टोपण लावलं आणि ते फॉर्मवर आडवं ठेवलं. काकूंनी पेन उचललं, टोपण काढलं. वन्संची सही त्यांना डोळे मिटून जमली असती; वर्षानुवर्षं बँकेच्या कागदांवर पाहिलेली. पेनाचं टोक ओळीवर टेकलं. निळा ठिपका उमटला, वाढू लागला. नणंद अडवत नव्हती. नुसती पाहत होती.

काकूंनी फॉर्म परत सरकवला. मागच्या माणसाला जागा दिली. घरी चालत जाताना दोघी तीनदा थांबल्या. तिन्ही वेळा नणंद उगाच बूट सैल करत बसली.

संध्याकाळी काकूंनी डायरी उघडली. बराच वेळ पान कोरंच राहिलं. मग त्यांनी लिहिलं :

८ एप्रिल, बुधवार. गॅस संपला. सिलिंडर त्रेचाळीस दिवस पुरला.