कालव्यावरची शेफिन

शेफिनने आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. बर्लिनच्या दक्षिणेला, वस्ती विरळ होऊन पाइनची झाडं सुरू होतात तिथे, कालव्याच्या अगदी काठावर तिची क्नाइपे होती. क्नाइपे म्हणजे खानावळ आणि बिअरचा गुत्ता यांच्या मधलं काहीतरी. समोरच्या धक्क्याला दिवसाकाठी दहा-पंधरा बोटी लागायच्या. वाळू नि भंगार नेणारे लांबलचक बार्ज असायचे, निवृत्त जोडप्यांच्या पांढऱ्या मोटरबोटी असायच्या. कुणी ना कुणी तिला रोज म्हणायचं, "शेफिन, चल, एक चक्कर मारून येऊ." ती ॲप्रनला हात पुसत विचारायची, "मी पाण्यावर गेले तर तुम्ही उतरणार कुणाच्या दारात?"

शेफिन म्हणजे मालकीणबाई. तिचं खरं नाव बहुधा फक्त विजेच्या बिलावर असावं. साठी ओलांडलेली, उंच, गुडघ्यांनी जरा अधू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गावातून तिथवर यायचा रस्ता खड्ड्यांचा आणि लांबचा, त्यामुळे तिचं गिऱ्हाईक सगळं पाण्याच्या बाजूने यायचं. दर्शनी दारही कालव्याकडेच होतं. रस्त्याच्या बाजूला नुसती कोळशाची खोली आणि सायकली.

मी तिथे पोचलो तो दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती तेव्हा. पुण्याहून पीएचडीसाठी आलो होतो आणि खोली मिळत नव्हती. पत्त्याची नोंदणी केल्याशिवाय बँकेत खातं उघडेना आणि बँकेत खातं असल्याशिवाय कोणी खोली देईना. इन्स्टिट्यूटमधल्या कुणीतरी सांगितलं, कालव्यावरच्या म्हातारीकडे माडीवर एक खोली आहे. गेलो. तिने पगाराचा कागद मागितला नाही, हमी मागितली नाही. एवढंच विचारलं, "शिकतोस काय?"

"कालव्यांचे काठ," मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो.

"मग इथेच राहा. काठ समोरच आहे." आणि नोंदणीच्या फॉर्मवर तिने तिथेच उभ्या उभ्या सही केली.

तिच्या काउंटरमागे भिंतीवर लाकडी खण होते. बार्जवरच्या खलाशांना घर कुठलं? ते आज पोलंडात तर आठवड्याने हँबुर्गकडे. त्यांचं टपाल शेफिनच्या पत्त्यावर यायचं आणि त्या त्या बोटीच्या नावाच्या खणात पडून राहायचं. महिना-दोन महिन्यांनी बोट आली की बिअरच्या आधी टपाल. माझ्या आईचं पहिलं पार्सल आलं, त्या दिवशी शेफिनने एका रिकाम्या खणावर खडूने 'पुणे' असं लिहिलं. हान्नो नावाचा एक म्हातारा होता, पूर्वी जहाजं बांधायचा, आता स्वतःच्या बोटीवरच राहायचा. त्याने डोळे बारीक करून विचारलं, "पुणे? ही कुठली बोट? मी कधी पाहिली नाही."

"लांबून यायचीय," शेफिन म्हणाली. "वाटेत आहे."

तिची एक सवय मला फार आवडायची. कुणी उदास होऊन बसला की ती चौकशी करत नसे. त्याच्यासमोर बटाट्यांची टोपली आणि सुरी आणून ठेवायची. "हात गुंतले की तोंड सुटतं," असं तिचं म्हणणं. धिप्पाड खलाशी माना खाली घालून बटाटे सोलायचे आणि हळूहळू बोलायला लागायचे. माझ्या वडिलांची बायपास झाली तेव्हा मला तिकिटाच्या पैशांअभावी जाता आलं नव्हतं. त्या दिवशी मी पाचेक किलो बटाटे सोलले असतील. ती चुलीपाशी पाठ करून ऐकत होती. मध्ये मध्ये "या… या…" म्हणत होती, आपण "हं… हं…" म्हणतो तसं. शेवटी एवढंच म्हणाली, "आता सालं टाकून ये."

दुसऱ्या वर्षी मला एका इंजिनीअरिंग ऑफिसात अर्धवेळ नोकरी लागली. कालव्याच्या काठांची तपासणी करून वरच्या खात्याला अहवाल द्यायचं काम त्यांच्याकडे असे. पहिल्यांदाच मला काठाचा एक तुकडा स्वतंत्रपणे दिला गेला. कागद उघडून पाहिला तर त्यात शेफिनचा धक्का होता. मी राहतो तिथलंच काम आहे, हे मी तेव्हाच साहेबांना सांगायला हवं होतं. वाटलं, सांगितलं तर काम काढून घेतील आणि नोकरीतला सहा महिन्यांचा चाचणीचा काळ चालू असताना ते बरं दिसणार नाही. शिष्यवृत्ती संपली होती, आणि माझा व्हिसा आता त्या नोकरीवर होता.

धक्क्याच्या पुढे पोलादी पत्र्यांची भिंत पाण्यात उभी होती. यंत्राने तिची जाडी मोजली. बहुतेक ठिकाणी ठीक होती. मधल्या एका पट्ट्यात आकडे फारच कमी आले. गंज नीट खरवडला नव्हता म्हणून यंत्र चुकलं असेल, किंवा भिंत खरंच पोकळ झाली असेल. पाणबुड्या बोलावून पुन्हा मोजायला हवं होतं. त्याला दोन आठवडे लागले असते, आणि माझं पहिलंच काम उशिरा गेलं असतं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "शंका असेल तर सुरक्षित बाजूने लिही. सुरक्षित लिहिल्याबद्दल आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही."

मी सुरक्षित लिहिलं. 'बोटी बांधण्यास तूर्त अयोग्य.' ते वाक्य मी शेफिनच्या माडीवर, शेफिनच्या टेबलावर बसून लिहिलं. मग खाली गेलो. तिने वाटाण्याचं सूप वाढलं. माझा चेहरा बघून थोड्या वेळाने बटाट्यांची टोपली आणून ठेवली. मी सगळे बटाटे सोलले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टोपली उचलून नेली.

महिन्याभरात मी खोली सोडली. इन्स्टिट्यूटजवळ राहायला हवं, असं सांगितलं. तिने माझ्यासाठी जुन्या वर्तमानपत्रात दोन बश्या, एक पातेलं बांधून दिलं. "नव्या घरी पहिल्या दिवशी चहा तरी करून पी," म्हणाली. खात्याचं पत्र आणि बोटी बांधायला मनाई करणारी पिवळी पाटी त्यानंतर आठवड्याने पोचली. मी मुद्दामच आधी निघालो होतो.

पुढचं मी हान्नोच्या तोंडून तुकड्यातुकड्याने ऐकलं. धक्का बंद झाल्यावर पहिल्या रविवारी शेफिनने नेहमीएवढं सूप केलं आणि ते तसंच राहिलं. दुसऱ्या रविवारी माणसं आली. दीड किलोमीटरवर लॉक होतं, बोटी वरखाली करायचं. तिथे बोटी बांधून ती सगळी माणसं काठाकाठाने चालत आली होती. सत्तरीतली जोडपी, कुत्री, खलाशी. थंडीत नाकं लाल झालेली. एका पोलिश खलाशाने पाठीवर पिशवी भरून कोळसा आणला होता. मग ते तसंच सुरू राहिलं. छप्पर गळायला लागलं तर दोघे वर चढले. वाढायला मुलगी ठेवणं परवडेना तेव्हा बोटवाल्यांच्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. शेफिन हे सगळं बघून भांबावली होती. ती म्हणायची, "चाळीस वर्षं मी यांना वाढलं. आता हे मला बसवून ठेवतात. मला बसता येत नाही."

आणि मग हान्नोने तरंगत्या धक्क्याची कल्पना काढली. जुन्या पोलादी टाक्यांवर फळ्या ठोकायच्या, भिंतीला न टेकता तो पाण्यात खांब रोवून धरायचा. आधाराला भिंत नाही, तर भिंतीचा प्रश्नच नाही. फक्त परवानगीसाठी कुणा इंजिनीअरची गणितं आणि सही हवी होती.

एके दिवशी दुपारी इन्स्टिट्यूटच्या दारात शेफिन उभी. अंगात चर्चला जायचा कोट, बाजूला गुंडाळलेला नकाशा घेतलेला हान्नो. दोन बस आणि भुयारी रेल्वे बदलून आली होती. एवढ्या वर्षांत ती बर्लिनमध्ये किती वेळा आली असेल, देव जाणे. माझं राहिलेलं टपालही तिने आणलं होतं. ते आधी माझ्या हातात दिलं आणि मग म्हणाली, "तू काठांचा इंजिनीअर आहेस ना? हे एवढं बघून दे."

मी नकाशा उलगडला. हान्नोचं काम चोख होतं. दोन दिवसांचं गणित होतं. पण माझं नाव त्या कागदावर गेलं असतं तर खात्यात कुणीतरी विचारलं असतं की हे नाव आधीच्या अहवालावरही आहे, हे कसं? आणि शेफिनला कळलं असतं. मी म्हणालो, "मला करता येणार नाही. ऑफिसचा नियम आहे. बाहेरचं काम घेता येत नाही."

हान्नोचा चेहरा उतरला. शेफिन मात्र लगेच म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. नियम म्हणजे नियम. बघ हान्नो, मी सांगत होते ना, मुलगा सरळ आहे. आम्ही उगीच तुला अडचणीत टाकलं." जाताना तिने माझी माफी मागितली. मी खिडकीतून बघितलं तेव्हा ती दोघं चुकीच्या दिशेच्या बसस्टॉपवर उभी होती. मी खाली जाऊन सांगितलंसुद्धा नाही.

दुसरा इंजिनीअर शोधायला त्यांचा अख्खा हिवाळा गेला. शेवटी पुलांची कामं केलेला एक निवृत्त माणूस, स्वतः शिडाची बोट बाळगणारा, त्यांना भेटला. वसंतात धक्का पुरा झाला. मला पोस्टकार्ड आलं, नाही जायचं म्हटलं तरी राहवेना म्हणून गेलो.

त्या दिवशी कालव्यावर बोटींची दाटी होती. सगळ्यांचा हट्ट होता की पहिलं पाऊल शेफिनने टाकायचं. ती काठावर बराच वेळ उभी राहिली. मग एका हाताने हान्नोचा खांदा धरून तिने पाय टाकला. फळ्या हलल्या तशी ती किंचाळली आणि मग लहान मुलीसारखी हसली. नंतर तिने एकेकाचे आभार मानायला सुरुवात केली. माझ्याकडे नजर गेल्यावर मला हाताने पुढे ओढलं आणि म्हणाली, "हा आमच्या माडीवरचा. आमचं पुणे. नोकरी सांभाळून, एवढ्या लांबून आलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या हातात ग्लास दिला.

मला ते सहन झालं नाही. ती स्वयंपाकघरात गेली तसा मी मागोमाग गेलो.

"शेफिन, तो अहवाल मी लिहिला होता."

"कुठला?"

"ज्यामुळे धक्का बंद झाला तो."

तिने नळ बंद केला. "भिंत पडणार होती का?"

"माहीत नाही. पुन्हा मोजायला हवी होती. मी मोजली नाही."

तिने हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग विचारलं, "लिहिलास तेव्हा तू राहत कुठे होतास?"

"इथेच. वर."

"म्हणजे वर बसून लिहिलंस आणि खाली येऊन माझ्या हातचं सूप प्यायलास."

मी मान हलवली.

"भिंतीतलं मला कळत नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वाईट असेल तर वाईट. तसं लिहिणं तुझं काम. पण जिना उतरून सांगायचंस तरी, की शेफिन, असं असं आहे. मी हान्नोला तेव्हाच बोलावलं असतं. ही माणसं थंडीत चालत आली नसती."

बाहेरून तिला हाका येत होत्या. तिने टॉवेलला हात पुसले, टॉवेल नीट घडी करून ठेवला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. म्हणाली, "नीट घरी जा तुम्ही."

जर्मनमध्येही आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' असतं. तिथे परक्याचा आपला व्हायला, 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला, कधी कधी वर्षं लागतात; शेफिनने मला पहिल्याच दिवशी 'तू' म्हटलं होतं. आणि एकदा आलं की कुणी मागे जात नाही. भांडणं झाली तरी 'तू' म्हणूनच भांडतात. शेफिन मागे गेली.

त्यानंतरही मी दर उन्हाळ्यात एकदा जात राहिलो. तिने कधी मला दारातून परतवलं नाही. सूप गरम असायचं, ब्रेड ताजा असायचा. "तुम्हाला आणखी हवं का?" असं विचारायची. आसपास माणसं असली की माझ्याशी बोलायचंच टाळायची, म्हणजे तो 'तुम्ही' कुणाच्या कानावर पडू नये. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी नोकरी बदलली, लग्न केलं. आता कुठल्याही काठाचं काम आलं की यंत्र बाहेर काढण्याआधी मी सर्वांत जवळच्या घराची बेल वाजवतो आणि आपण कशासाठी आलोय ते सांगतो. सहकारी हसतात. त्यांना मी कारण सांगितलेलं नाही.

शेफिनचे गुडघे पार गेले तेव्हा बोटवाल्यांनी रीतसर मंडळ काढून क्नाइपे चालवायला घेतली. जिना चढवत नव्हता तरी तिथून धक्का दिसतो म्हणून ती शेवटपर्यंत माडीवर, माझ्याच जुन्या खोलीत राहिली. ती गेल्याचं हान्नोने फोनवर कळवलं. अंत्यविधीनंतर आम्ही सगळे तिच्या टेबलांभोवती बसलो. हान्नोने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझी आठवण काढायची रे ती. तुझ्याबद्दल कधी एक वाकडा शब्द नाही."

मी विचारलं, "अहवालाबद्दल काही बोलली होती?"

"कुठला अहवाल?" हान्नो म्हणाला.

तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात कुणीतरी माझ्यासमोर सूपचा वाडगा ठेवला, कुणी बाकावर सरकून जागा केली. सगळे मला 'तू' म्हणत होते. 'तुम्ही' म्हणणारं तिथे आता कुणी उरलं नव्हतं. मी बसलो, आणि त्या दिवशीही गप्पच राहिलो.