तीन खेपा

प्रतीक्षा मूर्तिजापूरची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिचं अमरावतीच्या किशोरशी लग्न झालं. किशोर एका कॉलेजात लिपिक होता, बोलायला गोड, वस्तीत मान असलेला. घराचं दार लागलं की तो मारायचा. कधी भाजी खारट झाली म्हणून, कधी नुसतंच. तिसऱ्या वर्षी एका थपडेनं तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. त्या कानानं तिला आजही ऐकू येत नाही.

तीनदा ती माहेरी पळून आली. तिन्ही वेळा थोरला भाऊ धम्मदीप तिला एसटीत बसवून अमरावतीला पोचवून आला. किशोरसोबत चहा पिऊन परतायचा. माय, तानुबाई, शिदोरी बांधून द्यायची, पण लेकीच्या तोंडाकडे पाहायची नाही. चौथ्या वेळी प्रतीक्षा बडनेऱ्याला रेल्वेत बसली. मूर्तिजापूर आलं, ती उतरली नाही. थेट अकोल्याला गेली.

तिथं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला काम मिळालं. घटस्फोटाला सहा वर्षं गेली. तो मिळताच किशोरनं दुसरं लग्न केलं. धम्मदीपला पत्रिका आली, आणि तो जेवूनही आला.

कारखान्यातल्या मशिनी दुरुस्त करायला अनुप यायचा. बार्शीटाकळीचा, चाळिशीला टेकलेला. बायको आणि बाळ दोघंही बाळंतपणातच गेली होती. एकदा फळीवरचा तेलाचा डबा काढायला त्यानं हात उचलला, तर शेजारी बसलेल्या प्रतीक्षानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. बाया हसल्या. अनुप हसला नाही. त्या दिवसापासून तो तिच्या उजव्या बाजूला उभा राहून बोलायचा आणि हात उचलण्याआधी "वरचा डबा घेतो" म्हणून सांगायचा. तिला त्याचाही राग यायचा. कीव नको होती तिला.

दोन वर्षांनी त्यानं लग्नाचं विचारलं.

"न मारनारा मानूस मी पायला नाई," ती म्हणाली. "तुमचा दिवस यायचा असन अजून."

"मंग पाहा," तो म्हणाला. "मी कोठी जाऊन नाई राहिलो."

तिनं तीन वर्षं पाहिलं. मुद्दाम चारचौघांत त्याचा अपमान केला, त्यानं दिलेला चहा मोरीत ओतला. एकदा तर त्याच्या आईबद्दल बोलली. त्याचा चेहरा लाल झाला. पाना खाली ठेवून तो निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला. त्या दिवशी ती खोलीवर येऊन फार रडली. राग येऊनही माणूस हात आवरू शकतो. म्हणजे किशोरलाही तो आवरता आला असता. इतकी वर्षं ती समजत होती की पुरुषाचा राग असाच असतो, त्याला इलाज नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी तिनं अनुपला होकार दिला. लग्न अकोल्यातल्या विहारात ठरलं. धम्मदीपचा फोन आला. भावाचं लुगडं घेऊन येतो म्हणाला.

"तीन खेपा तूच पोचवून देल्लं मले, दादा," ती म्हणाली. "आता मी माही मी जातो. तू येऊ नको."

माय मात्र एकटी आली. लग्न झाल्यावर सगळे पांगले, तेव्हा लेकीजवळ येऊन बसली.

"पोरी, मले सारं दिसत होतं," ती म्हणाली.

"तुले दिसते, हे मलेबी दिसत होतं, माय."

प्रतीक्षानं तिला जेवू घातलं. अनुपनं तिला मूर्तिजापूरच्या गाडीत बसवून दिलं. पुन्हा ये, असं प्रतीक्षा म्हणाली नाही.

याला दोन वर्षं झाली. अजूनही कधी कधी ती दोन-दोन दिवस बोलत नाही. अनुप विचारत नाही, स्वतः खिचडी टाकतो, तिचं ताट वाढून ठेवतो. तिला तो आवडतो. हे तिनं त्याला सांगितलंही आहे. एकदा जेवता जेवता ती एवढंच म्हणाली, "तुमी लय उशिरा भेटले." तो खाली मान घालून जेवत राहिला.