वासाचा वाटा

मेट्रोच्या यिशुन स्टेशनच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हा एलिफचा फोन आला. एलिफ म्हणजे आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली तुर्की मुलगी, शहरातल्या तांजोंग पगार भागात नोकरी करते. एरवी फडाफडा बोलणारी, पण त्या दिवशी नुसतं "आंटी... आंटी..." चाललं होतं. पुढचं मला ऐकायचंच नव्हतं. तिची आई, आमच्या नर्मिनताई, सकाळी उठल्याच नव्हत्या. खरं सांगते, या बातमीचं भय मी कधीपासून पोटात घेऊन वावरत होते. ताईंचं हृदय दुबळं झालेलं. भिंतीपलीकडून त्यांच्या लाटण्याची ठकठक ऐकू यायची. ती मध्येच थांबली की मी हातातलं काम सोडून भिंतीला कान लावायची, आणि पुन्हा सुरू झाली की मी आपल्या भाजीकडे वळायची.

ओळख झाली तीसुद्धा त्या लाटण्यावरच्या पोळीमुळे. त्यांच्या गावाकडे तिला युफ्का म्हणतात. आम्ही या परदेशी शहरात नवीन होतो. दार वाजलं, बघते तर एक ठेंगणी बाई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात ताटाबाहेर लोंबणारी पातळशी गरम पोळी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "वास तुझ्या घरात आला ना? मग यात तुझा वाटा आहे." त्यांच्या गावचा हा दंडकच. भाजताना ज्याच्या नाकाला वास लागला, त्याला घास द्यायचा. नाही दिला तर घरची बरकत जाते म्हणे.

मग मी त्यांच्या ओट्याशीच जाऊन बसायला लागले. कणीक, मीठ, पाणी, बाकी काही नाही. गोळे ओल्या फडक्याखाली मुरवायचे आणि काठीसारख्या बारीक, लांब लाटण्याला गुंडाळत गुंडाळत लाटायचं, पलीकडचं दिसेल इतकं. भाजायचं मात्र उपड्या कढईवर. मी जळगावची, खापरावर मांडे टाकणाऱ्या आईची लेक, त्यामुळे भाजायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. "एकटीनं करायची नसते ही," ताई म्हणायच्या, "एक लाटते, एक भाजते." या पोळ्या कडक वाळवून, थप्पी करून, कापडात बांधून ठेवायच्या. खायच्या वेळी पाण्याचा हबका मारला की मऊ होतात. तिकडच्या कोरड्या हवेत हिवाळाभर टिकतात. इथे काय, पापडसुद्धा डब्यातून ताटात येईपर्यंत सादळतो. म्हणून आम्ही अधूनमधून थप्पी सोडून एकेक पोळी पुन्हा शेकायचो.

आईला दफनासाठी घेऊन एलिफ तुर्कीत गावी गेली. तिथून तिचा फोन आला. "आंटी, आमच्या ओट्यावर एक थप्पी आहे. आईच्या हातची तेवढीच उरलीये. मी येईपर्यंत सांभाळाल?" मी हो म्हटलं, माझ्याकडच्या किल्लीनं त्यांचं दार उघडून थप्पी घरी आणली, आणि तेव्हापासून माझी झोप गेली. रोज सकाळी कापड सोडायचं, वास घ्यायचा, उजेडात धरून बघायचं... बुरशी लागली तर त्या पोरीला काय तोंड दाखवू?

एका पावसाळी दुपारी तळाच्या पोळीला हात लावला तर ती ओलसर, लिबलिबीत लागली. घाईघाईनं कढई उपडी घातली आणि एकेक पोळी शेकू लागले, पहिल्यांदाच एकटी. शेकताना तो ओळखीचा वास उठला आणि दुसरीच धास्ती बसली. वास बाहेर गेला, तर या थप्पीतूनच वाटा द्यावा लागणार. मी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. तरी दार वाजलंच.

समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी. चेहरा खुललेला. "आंटी कम बॅक ऑलरेडी आह?" वासावरून त्यांना वाटलं, नर्मिनताई गावाहून परतल्या; खरं काय ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी नाही अशी मान हलवली. "गेल्या हो," एवढंच कसंबसं इंग्रजीत सांगितलं. आजी जागच्या हलेनात. माझं अर्धं लक्ष मागे, ओट्यावरच्या थप्पीकडे. दार लोटून घ्यावं, असं एकदा मनात आलंही. मग वळले, एका पोळीवर पाण्याचा हबका मारला, ती मऊ होईपर्यंत थांबले आणि आजींच्या हातात ठेवली. आजींनी ती दोन्ही हातांनी धरली.

आजी गेल्यावर एलिफला फोन लावला. सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,

"आजींनी खाल्ली?"

"हो गं. दारातच."

"आंटी, आईच्या पोळ्यांचा वास खालच्या मजल्यावरही जायचा. त्यांचाही वाटा आहे," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

थप्पी माझ्या ओट्यावरच आहे, थोडी उतरलेली. एलिफ येईपर्यंत तिच्या वाट्याला काही उरेल की नाही, ही भीती काही जात नाही. पण कढई उपडी घालायच्या आधी मी दार उघडून ठेवते.