जमादारांनी मागितलेली तंबाखू

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. संस्थानाच्या विलीनीकरणानंतरची पहिली वर्षं. मी नवाच फौजदार होऊन बेंबळी भागात आलो होतो. अनुभव बेताचा, आवाज मात्र मोठा.

एका गावचा कोतवाल धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, बिगीनं चला. दोगा भावांत जुंपलीया. थोरला शिंदी ढोसून कुऱ्हाड घिऊन धाकट्याच्या दारात बसलाय. धाकटा कडी लावून आत हाय." भांडण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून होतं. ठाणे डायरीत नोंद करून मी आमच्या वयस्क जमादारांबरोबर निघालो.

पोहोचताच मी ओरडलो, "कुऱ्हाड टाक, नाहीतर फोडून काढीन!" थोरला उठला आणि त्यानं दारावर घाव घातला. फळी चिरली. आत बाई किंचाळली. आणखी दोन घावांत दार पडलं असतं आणि धाकटा जिवाला मुकला असता. माझा हात पिस्तुलाकडे गेला, तो जमादारांनी धरला.

"साहेब, मागं व्हा. त्यो नशेत हाय, तुमी रागात हाव. शुद्धीवर कुनीच न्हाय."

मला त्यांचाही राग आला, पण मी मागे सरलो. जमादारांनी टोपी काढली आणि कुऱ्हाडीपासून चार हातांवर ओट्याला टेकले. "गड्या, तंबाखू हाय का? सकाळपासनं तोंड कोरडं पडलंय."

थोरल्याचा हात कमरेकडे गेला. आमच्याकडे तंबाखू वैऱ्यालाही नाकारत नाहीत, आणि देणारा स्वतः मळून देतो. मळायला दोन्ही हात लागतात. त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि चंची सोडली.

जमादारांनी झडप घातली नाही. "चुना बेतानं लाव," एवढंच म्हणाले. तो मळत राहिला, बोलत राहिला, शेवटी रडू लागला. कोतवालानं कुऱ्हाड हळूच उचलली.

नशेतला जबाब जमादारांनी घेऊ दिला नाही. सकाळी ठाण्यात मी चौकशीला बसलो, तर त्याचाच पहिला प्रश्न, "भाऊ जित्ता हाय न्हवं?"

हाय म्हटल्यावर त्यानं डोकं भिंतीला टेकलं. दारावर घाव का घातलास, असं मी विचारलं.

"न्हाय आठवत, साहेब. म्या गप बसलो हुतो. कुनीतरी डाफरलं, मंग डोस्कं फिरलं."

ते कोण, हे मी त्याला सांगितलं नाही. जमादार खाली मान घालून लिहीत होते. मला फार शरम वाटली.

पुढे नशेतली कितीतरी माणसं समोर आली. दरवेळी आधी माझा आवाज खाली आणला. तंबाखू मी आजवर खाल्लेली नाही, पण नोकरीभर मागत आलो.