कचेरीच्या खिडक्या लागतानाचे गाणे

आबांना ऐकू येईनासे झाले ते हळूहळू. उन्हात ठेवलेल्या कापडाचा रंग उतरत जावा तसे. परतूरच्या एका जिनिंगमध्ये माझ्या वडिलांचे उभे आयुष्य गेले. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची लांबलचक रांग एकदा सुरू झाली की आवाज ही कानांनी ऐकायची गोष्ट उरत नसे. तो दातांत, बरगड्यांत, तांब्यातल्या पाण्यात थरथरत राही. तिथली माणसे हातांनी बोलत आणि कानांत कापसाचेच बोळे घालत. "कापसानंच कान खाल्ले अन् कापूसच त्याच्यात कोंबला," असे म्हणून आबा हसत, आणि इतक्या मोठ्याने हसत की गल्लीतली कुत्री उठून उभी राहत. घरात त्यांना हाक मारण्याची आमची रीत वेगळी होती. फरशीवर टाच आपटायची. ती थरथर त्यांच्या तळव्यांना कळली की ते वळून बघत.

त्यांचे ऐकणे ओसरत चालले होते त्या दिवसांत आमच्याकडे टीव्ही आला आणि त्यावर दर आठवड्याला एक विनोदी मालिका लागू लागली. एका सरकारी कचेरीची गोष्ट. चहावरून भांडणारे कारकून, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकून बसणारा साहेब, टाइपरायटरवर राग काढणारी बाई आणि या सगळ्यांची कामे निमूटपणे उरकणारा एक म्हातारा शिपाई. आबा पडद्याच्या अगदी पुढ्यात बसत. विनोद त्यांच्यापर्यंत निम्मेच पोचत. उरलेले आम्ही हातवारे करून सांगायचो. त्यामुळे त्यांचे हसू नेहमी आमच्या हसण्यामागून, विजेमागून येणाऱ्या गडगडाटासारखे येई.

त्यातला शिपायाच्या निवृत्तीचा भाग आबांना सर्वांत प्रिय होता. त्या दिवशी निरोपाचा समारंभ करायचा हे सगळी कचेरी विसरते. माणसे निघून जातात. म्हातारा एकटाच मागे उरतो आणि रोजच्या सवयीने एकेक खिडकी लावत जातो. एकही संवाद नाही. फक्त खाली चहाच्या टपरीवर रेडिओ चालू असतो आणि त्यावर एक जुने सिनेमातले गाणे. एक खिडकी लागली की गाणे थोडे दबते. दुसरी लागली की आणखी दबते. शेवटची लागते आणि गाणे थांबते.

मालिका पुन्हा पुन्हा लागायची आणि आबा पुन्हा पुन्हा पाहायचे. पुढे त्यांना गाणे ऐकू येईनासे झाले, तरी ती दृश्ये आली की ते ठेक्यात मान हलवत. दाढी करताना, पंपावरून पाणी आणताना तीच चाल गुणगुणत. "बाहीरचं समदं बंद झालं," ते कपाळावर बोट टेकवून म्हणत, "हे मात्र आत वाजतंय."

गेल्या हिवाळ्यात भावाने आणि मी त्यांना जालन्याला नेऊन कानाचे यंत्र घेतले. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, घाई करू नका, ओळखीचे आवाज आधी ऐकवा. आबांचा यंत्रावर भरवसा नव्हता. परतूरला परतल्यावर त्यांनी मला समोर बसवून अटच घातली. "ते खिडक्यांचं गाणं लाव. ते बराबर ऐकू आलं तं मशीन खरी. न्हाई तं हिला डबीत ठेव आन् माझ्यामागं लागू नको."

दुपार होती. अंगणात नुकत्याच काढलेल्या तुरीचा धुळकट, गोडसर वास पसरला होता. यंत्र कानात बसले आणि आबा अवघडून ताठ झाले. आत वहिनी भाकरी थापत होती. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"भाकरीला आवाज असतो व्हय गं?"

"असतो की, मामा," वहिनी हसली. "इतकी वर्सं थापून राह्यले, आज ऐकल्या तुम्ही."

मी फोनवर मालिका शोधली. तोच भाग सापडला, तोच टॉवेल, तीच टाइपरायटरची खडखड. आणि मग इतक्या वर्षांत न घडलेले काही घडले. साहेब खुर्चीवरून घसरला आणि आबा आमच्याबरोबरच हसले. आमच्या मागून नव्हे. माझे डोळे भरून आले, ते मी पदराने टिपले.

कचेरी रिकामी झाली. म्हाताऱ्याने पहिल्या खिडकीला हात घातला. आणि गाणे लागलेच नाही. त्याच्या जागी की-बोर्डवरची कसलीशी गुळगुळीत सुरावट सुरू झाली, जिला ना टपरी होती ना रेडिओ. खिडक्या लागत गेल्या, तरी ती कणभर दबली नाही. लिफ्टमध्ये वाजावी तशी सपाट वाजत राहिली.

आबांनी माझ्याकडे पाहिले. "हे काय वाजून राह्यलंय?"

"आबा, त्यांनी गाणं बदललंय."

"कोणी?"

मी सांगत गेले. गाण्याचे हक्क दुसऱ्यांचे असतात. तेव्हाची परवानगी टीव्हीपुरती असणार; आता फोनवर दाखवायचे तर पुन्हा पैसे मोजावे लागतात, म्हणून गाणे काढून दुसरे काहीतरी भरले असेल. बोलता बोलता माझे मलाच ते खोटे वाटू लागले.

"बनून झालेल्या शिरेलीतलं गाणं कोण काढतं? लग्नाच्या फोटोतून नवरदेव काढतेत का?"

"खरंच बदललंय, मामा," वहिनी पीठभरल्या हातांनी बाहेर आली. "मलाबी असंच ऐकू आलं."

"तुला पह्यलं गाणं ठाऊक हाये?"

वहिनी हातांचे पीठ झटकू लागली. ती या घरात आली तेव्हा मालिका कधीच बंद झाली होती.

"मंग?" आबा म्हणाले.

भागाखाली लोकांनी तक्रारी लिहिल्या होत्या: मूळ गाणे कुठे गेले, खिडक्यांचा जीवच काढून घेतला. त्या मी मोठ्याने वाचून दाखवल्या. आबांनी समजूतदारपणे हात हलवला, लहान मुलाचे खोटे पकडूनही त्याला रागवू नये तसा.

मग मी ते सिनेमातले गाणेच लावले. तेच, मूळचे. पण ते यंत्र माणसांच्या बोलण्यासाठी घडवलेले. सूर त्यातून पत्र्यावर वाळू पडावी तसे जात असावेत. आबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. ओळखीची एकही रेषा त्यांच्या चेहऱ्यावर उमटली नाही.

शेवटी फोन बाजूला ठेवून मी स्वतःच गाऊ लागले. दुसऱ्या ओळीवर त्यांनी डोळे उघडले.

"शब्द त्येच हायेत," ते म्हणाले. "आवाज कोणाचा हाये?"

"माझाच, आबा."

"तुझा असा न्हवता."

माझा आवाज त्यांनी शेवटचा नीट ऐकला तेव्हा मी शाळेत जात होते. त्यांनी यंत्र काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. ते अजून त्यांच्या कानाइतके उबदार होते.

"मशीनीचा दोष न्हाई, बाई. माझं आतलंच चुकीचं वाजत असंल इतकी वर्सं." त्यांनी कपाळाला बोट लावले आणि लगेच काढून घेतले. त्यानंतर मी त्यांना गुणगुणताना ऐकले नाही.

यंत्र मात्र डबीत गेले नाही. मी जालन्याहून परतूरला गेले की ते आबांच्या कानात असते. "ताई, तुम्ही यायच्या दिवशीच घालतेत," वहिनीने एकदा हळूच सांगितले. मागच्या खेपेला त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करायला वाकले, तेव्हा दिसले: यंत्राच्या तळाची इवलीशी झडप उघडी होती आणि आतली बॅटरीची जागा रिकामी. आबा माझ्या ओठांकडे एकटक बघत होते, चेहऱ्यावर सगळे ऐकू येत असल्याचे हसू.

"बोल की, बाई," ते म्हणाले.

मी झडपेला हात लावला नाही. कॉलर सरळ केली, त्यांच्यासमोर उजेडात बसले, आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत त्यांना जालन्याच्या गोष्टी सांगू लागले.