शेपटीवाल्या सात्या

चिचगडच्या रस्त्याकडेला पावसाळ्यात एक मावशी सात्या विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मला असं विचारणं जमत नाही. वारुळावर उगवणारी ही रानअळंबी ती मुळासकट उपसून आणते. छत्रीला मधोमध टोक, खालच्या चुण्या पांढऱ्या आणि दांड्याखाली वारुळात शिरलेलं लांब, मातीने माखलेलं मूळ. त्याला ती शेपटी म्हणते. तशाच दिसणाऱ्या विषारी छत्र्यांना ही शेपटी नसते. म्हणून एकेक छत्री उलटी करून ती शेवटापर्यंत बोट फिरवते आणि मगच द्रोणात टाकते.

"मावशी, माती काऊन विकून राहिली?" लोक कुरकुरतात. ती ऐकत नाही.

परवा तिच्या नव्या सुनेने पहिल्यांदाच स्वतः वेचलेली टोपली आणली. सगळ्या सात्या मुळं कापून स्वच्छ धुतलेल्या.

"सेपटी कुठं गेली वं?"

"कापली. पाहा ना, किती साफ दिसून राहिल्या!"

मावशीने टोपली तिथेच पालथी केली आणि मागून कोणी उचलून नेऊ नये म्हणून सात्या पायाने तुडवल्या.

"पागल झाली का, मावशी? चांगल्या होत्या!" गिऱ्हाइकांच्या रांगेतले एक काका ओरडले.

"असतीन. मले आता वळखू येऊन नाई राहिल्या."

सून रडवेली झाली. "एकबी खराब नव्हती, माय. मी पाहूनच उपसल्या."

"तू पाह्यल्या," मावशी हळूच म्हणाली. "पण विकून तर मी राहिली ना."